वीस जोड्या

मी एकतीस म्हटलं तेव्हा पाठीमागची भिंत हलली.

बत्तीस. कौलं खाली यायला लागली. तेहतीस. भिंतीवरचा नकाशा सुटून माझ्या पुढ्यात पडला. मी मांडी घालून बसलेच होते. मोठ्यानं मोजत होते, कारण मला मोजायला सांगितलं होतं. बाहेर मैदानात सगळी पोरं उभी होती, त्यांचा गलका ऐकू येत होता. आत मी एकटी. तिसरी-चौथीच्या त्या खोलीला एकच दार. दाराला बाहेरून कडी.

चौतिसाला धुरळ्याचा लोट उठला आणि दार दिसेनासं झालं. तेव्हा मी उठले. दारावर बुक्क्या मारल्या. "गुरुजी, कडी काढा! गुरुजी!" कुणी आलं नाही. मग मागची भिंत खचली. अर्धी आत, अर्धी बाहेर. वरचा एक वासा माझ्या डाव्या हातावर आला. हात लोंबायला लागला, पण दुखलं नाही. दुखणं मागनं आलं. भिंतीच्या जागी उजेड दिसला, एवढंच कळलं. मातीच्या ढिगावरून गुडघ्यांवर सरकत मी शाळेच्या मागच्या निवडुंगात पडले.

उठून पुढं मैदानात आले. गुरुजी हेडगुरुजींना सांगत होते, "वीस जोड्या. मोजून घेतल्या. सगळी मुलं सुखरूप बाहेर."

मी त्यांच्या समोर उभी होते. डोक्यापासून पायापर्यंत माती, हात लोंबतोय. गुरुजींचा चेहरा पांढरा झाला. जवळ आले, पण हाताला हात लावला नाही. हळू आवाजात म्हणाले, "तू बाहेर का नाही आलीस?"

मी म्हटलं, "कडी लावलीवती गुरुजी."

त्यांनी सुशीकडं बघितलं. सुशी म्हणजे गुऱ्हाळाच्या मालकाची पुतणी, रांगेतल्या शेवटच्या जोडीतली. सुशीला काही कळेना. ती म्हणाली, "रोज लावतोच की!"

खरं होतं. रोज लावत होते. ते का, ते सांगते.

मी नऊ वर्षांची होते. आमचं गाव वारणेच्या काठचं. त्या थंडीत एका पहाटे मोठा भूकंप झाला. पुढं महिनोन्‌महिने लहान हादरे बसत राहिले. शाळेच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली होती. तालुक्याहून कागद आला, की मुलांना बाहेर पडायचा सराव द्या. आमचे गुरुजी कोल्हापूर शहरातले, तरुण, पांढरा सदरा. त्यांनी पद्धत बसवली. रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला होता ती घंटा. ती सलग वाजली की दप्तर सोडायचं, शेजारच्याचा हात धरायचा, जोडीनं बाहेर पडायचं. जोडीतला एक पडला तर दुसऱ्यानं उचलायचं. शेवटच्या जोडीनं दाराला कडी घालायची, म्हणजे कुणी पाटी-दप्तरासाठी परत आत घुसणार नाही. मैदानात गुरुजी जोड्या मोजणार. पद्धत चांगली होती. आजही मी ती वाईट म्हणणार नाही.

वर्गात आम्ही एकेचाळीस. महारवाड्यातली मी एकटी. पहिल्या दिवशी गुरुजींनी मला आणि सुशीला जोडीला उभं केलं. सुशीनं हात पाठीमागं नेला. गुरुजी म्हणाले, "धर हात. आपण सगळे एक आहोत." तिनं माझं एक बोट धरलं, तेही झग्याच्या टोकातनं. त्या एका बोटावर मी दिवसभर खूश होते.

दुसऱ्या दिवशी सुशीची चुलती शाळेच्या पायरीवर.

"काय वं गुरुजी, हात धरायला लावताय व्हय पोरींस्नी?"

"भूकंपाचा सराव आहे, काकी."

"भूकंप हुईल तवा हुईल. हितं रोज पोरीला अंघूळ घालून घरात घ्याय लागती. थंडीचं दिस हाईत. ताप आला तर तुमी बघणार काय?"

बाहेरच्या पोरी फिदीफिदी हसल्या. गुरुजीही थोडं हसले. त्यांची खोली त्याच घरात भाड्यानं होती, जेवणाचा डबाही तिथलाच.

दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. माझ्याशी इतक्या गोडीनं शाळेत कुणी बोललं नव्हतं. म्हणाले, "तू वर्गात सगळ्यांत हुशार. समजूतदारही आहेस. तुला मी वेगळं काम देतो. घंटा झाली की तू जागेवरच बसायचं आणि मोठ्यानं एकेक आकडा मोजायचा. सगळे बाहेर जायला किती वेळ लागतो ते मला कळलं पाहिजे. हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

मी घरी नाचत गेले. आईला म्हटलं, सगळ्यांत अवघड काम माझ्याकडं आहे.

दीड महिना सराव झाला. दर वेळी चाळीस पोरं हातात हात घालून बाहेर पळाली, सुशी आणि तिच्या नव्या जोडीदारणीनं कडी घातली, आणि मी आत मोजत बसले. शंभराच्या आत कडी निघायची. गुरुजी विचारायचे, "किती?" मी आकडा सांगायची. ते म्हणायचे, "शाबास."

गुरुजींच्या मनगटावर घड्याळ होतं. सेकंदकाट्याचं. ते रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं. ते माझ्या लक्षात यायला भिंत पडावी लागली.

त्या दिवशी काही चुकलंच नाही. हादरा बसला, घंटा वाजली. पोरं बाहेर गेली. कडी पडली. जोड्या वीस भरल्या. जसं शिकवलं होतं तसंच झालं. मी आत राहणं हे सरावातच होतं.

आईनं मला शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडं चालवत नेलं. त्यानं कोपर बसवलं, कामट्या बांधल्या. कोपर नीट बसलं नाही. आजही डावा हात सरळ होत नाही. भाकरी थापताना मला अंग वाकडं करावं लागतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजी आमच्या वस्तीत आले. पहिल्यांदाच. मला वाटलं, हात बघायला आले. मी उठून बसले. आईनं घोंगडं अंथरलं. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

माझा बाप सुशीच्या चुलत्याच्या गुऱ्हाळावर काहिलीखालच्या चुलवाणात उसाचं चिपाड सारायचा. गुरुजी त्याला म्हणाले, "परवा दिपोटीसाहेब येणार आहेत." शाळा तपासायला येणाऱ्या मोठ्या साहेबाला तेव्हा सगळे दिपोटी म्हणत. "ते मुलीला विचारतील. तिनं एवढंच सांगायचं, की मी बाहेर आले होते आणि पाटी आणायला मागच्या बाजूनं परत आत गेले."

आई म्हणाली, "मागं दार हाय कुठं, गुरुजी?"

"खिडकीतून गेले म्हणेल."

"खिडकीला गज हाईत की."

गुरुजी आईकडं न बघता बापाला म्हणाले, "माझी नोकरी जाईल. मी तुमच्या मुलीला कधी काठी लावली नाही. पहिल्या नंबरात ठेवली. मला काय हेच फळ?"

बाप खाली बघत होता. म्हणाला, "सांगंल ती. लेकरू हाय, सांगंल म्हणशीला तसं."

मी म्हटलं, "गुरुजी, मी आत हाय हे तुमास्नी ठावं हुतं."

ते म्हणाले, "गडबडीत राहून गेलं बाळ."

राहून गेलं. दप्तर राहून जातं. छत्री राहून जाते. मी राहून गेले.

गुरुजी गेल्यावर बापानं माझ्यापुढं हात जोडले. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणाला, "एवढं म्हण बाई. गुऱ्हाळावरनं काढलं तर खायाचं काय?" सुशीच्या चुलतीनं वाईट केलं त्याचं मला नवल वाटलं नव्हतं. ती कधी माझी नव्हतीच. गुरुजी माझे होते. बाप माझा होता. दोघं मिळून मला सांगत होते, की चूक तुझी आहे असं म्हण.

दिपोटीसाहेब जीपनं आले. मैदानात लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकली. अख्खी शाळा खाली बसवली. गुरुजींना हार घातला, नारळ दिला. भिंत पडली पण पोरं वाचली, म्हणून. टाळ्या वाजल्या. मग मला पुढं बोलावलं. साहेबाच्या गुडघ्यावर कागद होता. तो साहेबाकडं तोंड करून होता, तरी मला उलटी अक्षरं वाचता येत होती. गुरुजींनीच वाचायला शिकवलं होतं. "एक विद्यार्थिनी शिस्तभंग करून पाटीसाठी परत आत गेल्याने किरकोळ जखमी." मला विचारायच्या आधीच लिहून झालं होतं.

साहेब म्हणाले, "काय गं, पाटी आणायला गेली होतीस?"

बाप मैदानाच्या कडेला उभा होता. गुऱ्हाळाचा मालकही होता. गुरुजी माझ्याकडं बघून मान हलवत होते, वर्गात उत्तर येत असलं की हलवायचे तशी.

मी म्हटलं, "न्हाई साहेब. मी परत गेले न्हाई. मी भाईर आलेच न्हाई. मला भाईर यायचं शिकवलंच न्हाई."

साहेबांना समजलं नाही. "म्हणजे?"

"माझा हात कोण धरत न्हाई. म्हणून मला आत ठेवत्यात आणि कडी घालत्यात. रोज. सुशीला इचारा."

सुशी रडायला लागली. मालक तिथनंच ओरडला, "कारटीला कुणीतरी पढवलंया!" गुरुजी गळ्यातल्या हाराशी चाळा करत राहिले. मला वाटलं होतं, आता तरी ते म्हणतील, की पोरगी खरं बोलते. मी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत उभी होते.

साहेब म्हणाले, "शिवाशिव कायद्यानं बंद झालेली आहे, पोरी. शाळेत असलं काही नसतं." मग हेडगुरुजींना म्हणाले, "लहान आहे. घाबरली आहे." आणि त्या कागदावर सही केली.

बापाचं काम दुसऱ्या दिवशी गेलं. घरात पंधरा दिवस कण्या शिजल्या. बाप माझ्याशी बोलत नव्हता. आईनं एकदाच विचारलं, "पुन्ना इचारलं तर काय सांगशील?" मी म्हटलं, "त्येच." ती म्हणाली, "मग शाळंला जा."

गेले. वर्ग आता देवळाच्या धर्मशाळेत भरत होता. आठवड्यानं पुन्हा सरावाची घंटा झाली. गुरुजी म्हणाले, "तू बस." आवाज तसाच गोड.

मी उठले. गळ्यात बांधलेला हात सांभाळत रांगेच्या पुढं गेले आणि सगळ्यांत आधी दाराबाहेर पडले. पोरी अंग चोरून भिंतीला चिकटल्या. रांग तुटली. गुरुजी ओरडले, "ओळ मोडू नकोस!"

मी म्हटलं, "मोडू दे."

त्या दिवसापासून मला व्हरांड्यात बसवलं. शिक्षा म्हणून. मी बसले. पुन्हा हादरा आला असता तर आतल्यांपेक्षा माझीच जागा बरी होती. दाराबाहेरून ऐकून मी चौथी पास झाले. पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागायचं, तेवढी ऐपत नव्हती. शाळा तिथं संपली. गुरुजी मात्र पुढं हेडगुरुजी झाले.

पुढं माझ्या मुली गावच्या शाळेत गेल्या. वारणेला मोठं पाणी आलं, त्या वर्षी शाळेनं ठरवलं की पूर आला तर कुठली पोरं कुणी, कुठं न्यायची. भिंतीवर यादी लावली. मी भांगलणीचं खुरपं हातात घेऊनच गेले आणि यादी बोट ठेवून वाचली. वस्तीतली पोरं शेवटच्या ओळीत होती. "नंतर पाहू" असं लिहिलं होतं. नव्या बाई म्हणाल्या, "आजी, तुमचं काय काम?" मी तेव्हा आजी नव्हते, पण काम होतं. म्हटलं, "ही ओळ खोडा. मग जाते." दुपारपर्यंत तिथंच उभी राहिले. ओळ खोडली. त्यानंतर दर वर्षी गेले. शाळेनं माझ्या वस्तीतल्या पोरांचा कागद केला आणि मी तो वाचला नाही, असं मी होऊ देणार नाही. कुणी गोड बोललं तर दोनदा वाचेन.

तो दिपोटी मेला. गुरुजी मेले, गावानं शोकसभा घेतली, मी गेले नाही. बाप मेला, त्याला मी पाणी पाजलं, माफ केलं नाही. सुशी गेल्या साली गेली.

मी हाय.