पाटीवरची पाखरं

औंढ्याहून वसमतला जाणाऱ्या वाटेवर, सडकेपासून दीड कोस आत असलेल्या एका गावात मी पाच वर्षं मास्तर होतो. मारुतीच्या देवळाला लागून एक खोली, पुढं पडवी, आणि चार इयत्ता मिळून तीस-पस्तीस लेकरं. राज्य निजामाचं होतं आणि जगात मोठी लढाई चालू होती. आमच्यापर्यंत लढाई पोचली ती एवढीच, की रॉकेल मिळेना आणि कागद मिळेना. चौथीची चार पोरं सोडली तर कुणाजवळ वही नव्हती. बाकी सगळा कारभार पाटीवर.

पाखरांचा नाद लागला तो एका चित्रामुळं. वाचनाच्या पुस्तकात बुलबुलाचं चित्र होतं, पण छापताना शाई इतकी सांडली होती की एका पोरानं विचारलं, "गुर्जी, ह्यो कावळा हाय का?" सगळे हसले. मीही हसलो. मग म्हणालो, "बुलबुल कुणी कुणी बघितलाय?" तर साऱ्यांनीच हात वर केले. तो कुठं बसतो, काय खातो, घरटं कुठं करतो, हे सांगायला एकदम दहा तोंडं उघडली. मी हिंगोलीच्या बाजारपेठेत वाढलेला. मला कावळा, चिमणी, पारवा आणि घार यापलीकडं पाखरू ओळखता येत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, या लेकरांना येतं त्यातूनच यांना शिकवावं.

मग दर शनिवारी पाखरांचा तास सुरू झाला. मांजरपाटाच्या कापडाचा एक तुकडा भिंतीवर ठोकला आणि त्यावर आम्ही पाखरं रंगवू लागलो. हळद्याला हळद, खंड्याला नीळ, कोतवालाला काजळी. काळ्या मातीत भुसा मळून पोरं होले आणि तितर करीत. सगळ्यांच्या आवडीचा खेळ म्हणजे एकाचे डोळे बांधायचे, दुसऱ्यानं पाखराचा आवाज काढायचा आणि पहिल्यानं ओळखायचं.

असाच खेळ चालला होता. एका पोरानं टिटवीचा आवाज काढला आणि पडवीच्या खालून कुणीतरी म्हणालं, "अशी न्हाई ओरडत ती."

नऊ-दहा वर्षांची पोरगी होती. हातात वासराचं दावं. ओढ्यापलीकडच्या तांड्यातली. मी म्हणालो, "मग कशी ओरडते?" तिनं दावं खाली ठेवलं आणि ओरडून दाखवलं. डोळे बांधलेला पोरगा दचकून उठला आणि आभाळाकडं तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी तांड्यात जाऊन तिच्या बापाला भेटलो. बाप पूर्वी बैलांवर मीठ लादून दूरवर जायचा, आता तीन एकर मुरमाड रान कसत होता. "पोरीची जात, शिकून काय करंल?" तो म्हणाला. मी म्हणालो, "पाठवून तर बघा." तो म्हणाला, "तुमी म्हणता तर येईल."

ती यायला लागली. गावातल्या दोघा-तिघांनी मला सांगितलं, तांड्यातलं लेकरू आमच्या लेकरांच्या रांगेत नको. मी तिला दाराजवळ बसवलं. वाद घातला नाही. तिनंही काहून म्हणून विचारलं नाही.

पाखरांच्या बाबतीत मास्तर तीच होती. एकदा तिनं आम्हाला उघड्या रानात नेलं. एक टिटवी पंख घासत, लंगडत आमच्यापुढं चालू लागली. पोरं तिच्यामागं धावली. ही पोरगी मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "तिकडं नका जाऊ. ती फसवून राहिली. अंडी हितंच हाईत." आणि खरंच, ढेकळांत ढेकळांच्याच रंगाची चार अंडी होती. आठ-दहा महिन्यांत ती जोडाक्षरं सोडून सगळं लिहू लागली. 'दिसलं ते लिहा' असं मी सांगायचो. तिनं पाटीवर लिहिलं होतं, 'टिटवी खोटी लंगडती.' मी ती पाटी साऱ्या वर्गाला दाखवली आणि मग पुढच्या धड्यासाठी पुसायला सांगितली.

दिवाळीनंतर तपासणीला साहेब येणार असा हुकूम आला. माझ्या डोक्यात आलं, पाखरांच्या तासाचं काहीतरी मांडून दाखवावं. मातीची पाखरं, पिसं, रिकामी घरटी. सगळं जमत आलं होतं. सुगरणीचा धड खोपा मात्र नव्हता. खाली पडलेले मिळायचे ते फाटके. मी वर्गात म्हणालो, "चांगला अख्खा खोपा आणील त्याला ही पेन्सिल." एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी, अशी ती पेन्सिल होती. वसमतहून मी माझ्यासाठी आणली होती. "रिकामाच आणा, पिल्लं असतील त्याला हात लावू नका," एवढं मी बजावलं. खोपे कुठं असतात ते मला माहीत होतं. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला. त्या झाडावर चढू नका, हेही बजावायला हवं होतं, ते मला सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, मनात आलं होतं. पण खोपा कसा मिळेल याचाच विचार वर आला.

दोन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत दोन पोरं धावत आली. एक म्हणाला, "गुर्जी, तांड्याची पोरगी हिरीत पडली. फांदी मोडली."

मी पळालो. पावसाळा नुकताच सरला होता, विहीर अर्धीअधिक भरलेली. गावातल्या एकानं उडी टाकली, दुसऱ्यानं मोटेचा सोल, जाड दोर, खाली सोडला. तिला वर काढलं तेव्हा बाभळीचे काटे तिच्या तळहातात मोडून बसले होते. कुणीतरी तिला पालथं धरून पाणी काढलं. कुणीतरी म्हणालं, "राहू द्या आता." तिचा बाप रानातून आला. त्यानं तिला खांद्यावर घेतलं आणि ओढा ओलांडून निघून गेला.

चौथ्या दिवशी साहेब आले. तपासणी पुढं ढकला असं कळवायला वेळही नव्हता आणि खरं सांगायचं तर माझी हिंमतही नव्हती. खोलीत शिरलो तर मेजावर पोरांनी सगळं मांडून ठेवलेलं. मधोमध एक अख्खा खोपा. एक बाजू अजून ओलसर. पाण्यावर तरंगणारा खोपा कुणीतरी काढून शाळेचा म्हणून पडवीत ठेवला असणार आणि पोरांनी तो उचलून मांडला असणार. मी बघितला. उचलून बाजूला ठेवायला एक क्षण पुरला असता. तेवढ्यात साहेबांचा टांगा आला.

साहेब भले माणूस होते. त्यांनी तो खोपा हातात घेऊन आत डोकावून बघितलं. "बहोत खूब, मास्टरसाब. बच्चों ने खुद जमा किया?"

"जी हाँ," मी म्हणालो.

त्यांनी शेऱ्याच्या वहीत चार ओळी लिहिल्या. इतर शाळांनी असंच करावं, अशा अर्थाच्या.

पंधरा दिवसांनी तिचा बाप शाळेत आला. शाळा सुटली होती. तो दारात, ती बसायची त्याच जागी बसला. म्हणाला, "गुर्जी, पोरीनं लिव्हलेलं काई असंल तर द्या. तिची माय मागून राहिली."

मी म्हणालो, "ती पाटीवर लिहायची."

"मंग ते कुठं गेलं?"

"पाटी पुसावी लागते. दुसरं लिहायला."

तो म्हणाला, "काय लिहीत व्हती?"

मी आठवून सांगितलं, "एकदा तिनं लिहिलं होतं, टिटवी खोटी लंगडती."

"ते तर म्याच तिला सांगितलं व्हतं," तो म्हणाला. उठला, धोतर झटकलं. जाताना वळून म्हणाला, "तुमचा दोष न्हाई, गुर्जी. तिलाच झाडावर चढायची लई हौस." त्याला पेन्सिलीचं माहीत नव्हतं. पोरांनी सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नाही.

त्यानंतर मी शनिवारी गणित घेऊ लागलो. कुणी पाखरांचा तास मागितला नाही. मांजरपाट उतरवून मी त्याची फडकी केली. साहेबांच्या शेऱ्यामुळं की काय, पुढच्या उन्हाळ्यात वसमतच्या मोठ्या शाळेत बदलीचा हुकूम आला. लोकांनी नारळ देऊन निरोप दिला. जाण्याच्या आदल्या दिवशी मी तांड्यात गेलो. ठरवून गेलो होतो की सांगून टाकायचं. लोभ मी लावला होता, झाडावर मी चढवली. बाप रानात होता. तिच्या मायनं तांब्याभर पाणी आणून दिलं आणि उंबऱ्याशी बसली. "माज्या लेकीला तुमी लिव्हायला शिकिवलं," ती म्हणाली. "आमच्यात कुणाला येत न्हाई." मी पाणी प्यालो. तोंड उघडलं ते, "येतो, बाई," एवढंच म्हणायला.

मग अठ्ठेचाळीस सालचे दिवस आले. निजामाच्या हत्यारबंद टोळ्यांच्या धाकानं गावंच्या गावं घाबरली, शाळा बंद पडल्या, माणसं गाड्या जुंपून वऱ्हाडाच्या हद्दीत पळाली. मीही बायको-मुलांना घेऊन गेलो. निजामाचं राज्य गेल्यावर परत आलो आणि एकदा मुद्दाम वाट वाकडी करून त्या तांड्याकडं गेलो. झोपड्यांच्या जागी चुलीचे दगड आणि मोडकी दावण होती. शेजारच्या रानातल्या माणसाला विचारलं. म्हणाला, "गेले कुठं तरी. परत आले न्हाईत."

कुठं गेले, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी दोन-तीन बाजारांत विचारलं, मग विचारायचं सोडलं. पुढं पंचवीस वर्षं मी शिकवलं. मुलांना भूगोल शिकवला, व्याकरण शिकवलं. पाखरू दिसलं आणि मुलांनी नाव विचारलं, तर मला माहीत नाही असं सांगत आलो.