कापलेल्या कुरणातली आयरिस

जर्मनीतल्या बोडनझे तळ्याकाठची जंगली निळी आयरिस पाहायची असेल, तर मे संपताना जा. आम्ही ऑक्टोबरात गेलो.

चूक संदेशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. कायझर्सलाउटर्नला पीएचडी करतो, जर्मन चांगलं वाचतो. एका निसर्गसंस्थेने कुरणातल्या वीकेंडसाठी पाठवलेल्या निमंत्रणावर फुलांचा फोटो होता. त्याने तेवढाच पाहिला. सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. "कुणी न लावलेलं एखादं फूल दाखव," एवढंच त्यांनी मुलाकडे मागितलं होतं. गुडघ्यांमुळे पुन्हा येणं नाही, हेही सांगून टाकलं होतं.

शनिवारी सकाळी निघालो. वीकेंड-तिकीट काढा, कार्ल्सरूहला गाडी बदला, पोळी-भाजी सोबत ठेवा. आमची पहिली गाडी उशिरा आली, पुढची चुकली.

कुरणात एकही फूल नव्हतं. कापलेलं गवत आणि गमबूट घातलेली माणसं होती. गटप्रमुख बाईंनी माझ्या हातात दाताळं दिलं. बी गळून गेलं की कुरण कापायचं, गवत उचलून बाहेर न्यायचं. नाहीतर लव्हाळी आणि झुडपं माजतात, आयरिस गुदमरते.

"आणि फुलं?" मी विचारलं.

"जूनच्या सुरुवातीला. गेनाऊ, अगदी तेव्हाच."

आई मुलाकडे वळल्या. "गवत गोळा करायला आणलंस होय रे मला?"

"अगं, फोटोत..."

"फोटो घरीच दाखवायचास." मग माझ्याकडे पाहून, "ह्याच्या वडिलांनी मला अजिंठा दाखवायला सोमवारी नेलं होतं. बंद."

त्यांनी पदर खोचला आणि दाताळं घेतलं.

"अहो आई, बसा. गुडघे."

"आलोय ना? मग करू दे मला."

संध्याकाळपर्यंत वाकड्या विलोच्या झाडाजवळचा पट्टा त्यांनी एकटीने साफ केला. जेवायला डाळीचं सूप होतं, त्यात सॉसेज. हॉस्टेलात खालची खाट आधी मागून ठेवा. आम्ही मागितली नव्हती.

आई नोव्हेंबरात परतल्या. जून उजाडताच फोन. "फुललं का?"

पुन्हा त्याच गाड्या, या वेळी एकटी. पक्ष्यांच्या विणीमुळे पायवाट सोडायला बंदी, फुलं लांबूनच. व्हिडिओ कॉल लावला. चित्र सारखं अडकत होतं.

"मी साफ केलेला तुकडा कुठला गं?"

"तो, विलोजवळचा."

मी फोन उंच धरला.

"तिथे जरा विरळ आहे," त्या म्हणाल्या. "यंदा नीट करा."

घरी येऊन ऑक्टोबरासाठी दोघांची नावं नोंदवली. निमंत्रण या वेळी मी वाचलं. फोटो तोच आहे.