दोरावरून नाल्यापार

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आमचं शिबिर जळगाव जामोदच्या वर, सातपुड्यात होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे शिबिर म्हणजे काय हे मला बाबांना नीट सांगता आलं नाही. त्यांनी एवढंच बजावलं, "हातपाय मोडून आला तं कॉलेज बंद." बाबा बोलले की तसंच करत.

तिसऱ्या दिवशी सरांनी एका खोल नाल्यावर दोर ताणून बांधला. अलीकडे उंच काठावर मोहाचं झाड, पलीकडे बरंच खाली अंजनाचं. दोरावर लाकडी कप्पी, तिच्याखाली बसायला दोराचाच झोका. सागाच्या शेंड्यांमधून घसरत पलीकडे जायचं. माझी पाळी आली तेव्हा नाही म्हणायची हिंमत मला झाली नाही.

"पलीकडची मुलं धरतील. तोवर उतरायचं नाही," सर म्हणाले.

सुटलो. पानं गालाला घासत गेली. खाली नाल्यातले दगड दिसले आणि मी झोक्याचा दोर घट्ट धरला. पण थोड्याच वेळात भीती ओसरली. दोरावर बसून उतारानं जाणं मला नवं नव्हतं. घरी विहिरीचं पाणी ओढायला मोट हाकताना बैल विहिरीपासून उतरणीला लागले की मी नाड्यावर, म्हणजे मोटेच्या ताणलेल्या जाड दोरावर बसायचो, आणि उतरण संपायच्या आत खाली उतरायचो. रोजची सवय. पलीकडचा काठ जवळ आला आणि अंगानं आपोआप तेच केलं. मी उडी टाकली.

नाड्याखाली जमीन गुडघाभर असते. इथे ती पुरुषभर खाली होती.

वाळक्या पानांत पडलो. डावा पाय अंगाखाली दुमडला. मला बाबाच आठवले.

धरायला उभा असलेला वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा दोस्त, लोणारकडचा, धावत आला. "काऊन बे, कोनं सांगतलं उडी माराले?"

"घरी मोटेवर असंच उतरतो."

"मंग बैल कुठी हायेत तुये?"

सगळे हसले. मी बोटं हलवून पाहिली, घोटा फिरवला, मग त्याच्या खांद्याला धरून हळूच उभा राहिलो. कळ आली. पण पायानं वजन घेतलं.

"लागलं का रे?" वरून सर ओरडले.

"नाही सर!" माझा एवढा मोठा आवाज वर्गात कधी कुणी ऐकला नव्हता.

शिबिर संपून चिखलीला बसमधून उतरलो, गावापर्यंत चालत गेलो. बाबा ओट्यावर होते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"वापस कवा जातं कॉलेजात?" त्यांनी विचारलं.

मला इतकं हलकं वाटलं की "उद्याच!" हे मी नाल्यातल्यासारखंच मोठ्यानं ओरडलो.