खजिनदारपदासाठी मुलुंड ते बोरिवली

प्रिय मीरा आणि निखिल,

परवा फोनवर मीरा म्हणाली, की तिकडे अमेरिकेत तुमच्या शेजारच्या बाई राज्याच्या खजिनदारपदासाठी उभ्या आहेत आणि शाळा सुटल्यावर ती त्यांची पत्रकं घरोघरी दारांना अडकवत फिरते. "पण आजी, लोक विचारतात, खजिनदाराचीसुद्धा निवडणूक असते का? गव्हर्नर सोडला तर कुणाला काही माहीतच नाही," असं म्हणून ती हिरमुसली. तेव्हा फोनवर मला धड काही सांगता आलं नाही. खजिनदारपदासाठी मतं मागत मीही हिंडले आहे, ऐंशीच्या दशकात, इथे मुंबईच्या उपनगरांत. तुमचं मतदान व्हायच्या आत ती हकीकत तुमच्यापर्यंत पोचावी, म्हणून आज लिहायला बसले.

पद होतं आपल्या गावाच्या मुंबईतल्या मंडळाचं. कोकणातून गिरण्यांसाठी आलेली माणसं एकमेकांना धरून राहावीत म्हणून असली मंडळं निघाली. आपल्या मंडळाची घाटकोपरला एक खोली होती. गावाहून नोकरीसाठी आलेला पुरुष आधी तिथे पथारी टाकायचा आणि मग स्वतःचं बघायचा. संपानंतर गिरण्या बसल्या, येणारे थांबले आणि खोलीला कुलूप लागलं. तेव्हाचे खजिनदार तात्या म्हणत, खोली विकू आणि गावात देवळासमोर सभामंडप बांधू. माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुमची सुलभाआजी, म्हणे, खोली मुलींसाठी उघडू. गावातली एक मुलगी त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबईत नर्सिंगला लागली होती, पण राहायला जागा नाही म्हणून महिन्याभरात परत गेली. ते सुलभाच्या मनाला फार लागलं होतं. विक्रीच्या कागदावर खजिनदाराची सही लागणार होती, म्हणून ती त्या पदाला उभी राहिली. त्याआधी मंडळात बाई कधी उभी राहिलेली नव्हती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही दोघी मुलुंडहून निघालो. मी इंग्रजीची शिक्षिका, तेव्हा कुणाकडे आधी जायचं, कुठे बस घ्यायची, हे सगळं मी ठरवलेलं. शिवाय पिशवीत एक नारळ घेतला. सुलभा म्हणाली, "कशाला वहिनी? आपल्याच माणसांकडे तर जातोय."

"मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जातात का गं?" मी म्हटलं. माझं माहेर गिरगावातलं. सासरच्या चालीरीती मला अर्ध्यामुर्ध्याच ठाऊक होत्या.

कांजूरमार्गापर्यंत रिक्षा झकास धावली. पवईच्या चढावर मात्र तिने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. रिक्षावाला खाली वाकून म्हणाला, "माताजी, पाँच मिनट." त्याची पाच मिनिटं संपेनात, तेव्हा आम्ही तलावाच्या कडेने चालायला लागलो. पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर होता. काठावर दोघेजण गळ टाकून इतके निश्चल बसले होते, की बगळाही त्यांना बुजत नव्हता. सुलभाने इकडेतिकडे पाहिलं आणि तलावाकडे तोंड करून भाषणाचा सराव सुरू केला. "बंधू आणि भगिनींनो..."

"भगिनी किती असणार सभेला?" मी विचारलं.

"तुम्ही आणि मी धरून चार-पाच." मग आम्ही दोघी हसत सुटलो. गळवाल्यांनी आमच्याकडे रागाने पाहिलं.

अंधेरीला मरोळच्या बाजूला, औद्योगिक वसाहतीच्या मागे आप्पा राहायचे. गावातले सगळ्यांत वडीलधारे, देवस्थानाचे मानकरी. सभेच्या आरंभी गाऱ्हाणं (देवाला हाक मारून सगळ्यांच्या वतीने केलेली विनवणी) घालायचा मान त्यांचा. सुलभाने वाकून नमस्कार केला, मी नारळ पुढे केला आणि म्हटलं, "खजिनदारपदासाठी आशीर्वाद द्या."

आप्पांनी नारळ कपाळाला लावला, देवापुढे ठेवला आणि म्हणाले, "बरा झाला गे पोरी. लय बरा झाला." पुढे मताविषयी एक शब्द नाही. पावसाचं, भाताचं, नातवाच्या परीक्षेचं बोलले. बाहेर आल्यावर सुलभा म्हणाली, "मत देणार की नाही, काहीच कळलं नाही."

अंधेरीहून बोरिवलीची बस मिळाली, दुमजली. वरच्या मजल्यावर अगदी पुढे जागा मिळाल्यामुळे मी पोरीसारखी खूश झाले. उजव्या हाताला नॅशनल पार्कचे डोंगर, मधूनमधून तबेले आणि नव्या इमारतींभोवती बांबूंच्या परांच्या (बांधकामाचे मचाण). बोरिवलीला आम्ही कुणाकडे चाललो होतो, सांगा बरं? तात्यांकडे! ज्यांच्याविरुद्ध उभं राहायचं, त्यांच्या घरी आधी जाऊन तसं सांगायचं, नाहीतर ते पाठीमागून केल्यासारखं होतं. हे मात्र सुलभाने मला शिकवलं.

दारात तात्यांची बायको, आमच्या काकी, कमरेवर हात ठेवून उभ्या. "काय गे सुलभा, माझ्या घोवाची (नवऱ्याची) खुर्ची घेऊक इलंस?"

"खुर्ची राहू दे काकी, आधी पाणी दे. घसा सुकला."

"पाणी कित्याक? जेवान तयार आसा. मतां मागूची तर आधी पोटभर जेवा, मगे मागा."

बांगड्याचं तिखलं (घट्ट, तिखट कालवण), भात आणि सोलकढी. तात्या स्वतः वाढत होते. जन्मभर गिरणीत उभं राहून काम केलेला माणूस, त्यामुळे त्यांना स्वस्थ बसवत नसे. वाढता वाढता वादही चालू होता.

"अगो, गिरण्याच बंद पडल्या. आता खोलयेत कोण येतला? मंडप झालो तर पावसात लोकांक आडोसो तरी होयत."

"तात्या, मुंबईतली पहिली रात्र तुम्ही कुठे काढलीत?"

तात्यांच्या हातातली पळी थांबली. "त्याच खोलयेत," ते म्हणाले. "पण आमी पुरुष. पोरींची जबाबदारी कोण घेतलो?"

"मी."

"बोलूक सोपा आसा," तात्या म्हणाले, पण त्यांनी तिच्या पानात आणखी एक बांगडा वाढला. निघताना काकींनी आम्हा दोघींना कुंकू लावलं आणि सुलभाच्या कानाशी पुटपुटल्या, "मी हात वर करतलंय. ह्यांका सांगू नको."

पुढच्या रविवारी घाटकोपरला एका शाळेच्या सभागृहात सभा भरली. पुरुष पुढे, आम्ही मूठभर बायका मागच्या बाकांवर. आप्पा उभे राहिले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू झालं. प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायची रीत.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां एका जागी जमली हत!"

"होय म्हाराजा!"

"कोणाचा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल!"

"होय म्हाराजा!"

"मुलुंडची सुलभा खजिनदार झाली हा, तिच्या हातून मंडळाचा बरा करून घे!"

"होय म्हाराजा!"

सगळं सभागृह एका सुरात गर्जलं. मग आपण कशाला होकार दिला, हे एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं. कुणीतरी ओरडलं, "आप्पानू, निवडणूक खंय झाली अजून?"

आप्पांनी डोळे उघडले. "म्हंजे? नारळ घेऊन इली होती मा माझ्याकडे? आमच्यात पद गावल्यावरच (मिळाल्यावरच) नारळ देतत!"

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. काकी पदर तोंडाला लावून हसत होत्या. पुढच्या रांगांत मात्र गलका सुरू झाला. एक म्हणे, देवासमोर दिलेला होकार मागे घेता येत नाही. दुसरा म्हणे, ही कसली निवडणूक, ही तर फसवणूक. सुलभा उठून उभी राहिली.

"मला असं नको. हात वर करून मतं घ्या. हरले तर हरले."

"देवाक एकदा होय सांगून आता हात मोजतलास?" आप्पा कडाडले.

तेव्हा तात्या उठले. सगळ्यांना वाटलं, आता भांडण पेटणार. ते शांतपणे म्हणाले, "आप्पानू, गाऱ्हाणा अर्धाच रवला. देवाक खोलयेचाही सांगा. ह्या वेळी सगळ्यांनी नीट आयकून मग काय ता बोला. ज्याका पटणा नाय, तेना गप रवा."

आप्पांनी सुलभाकडे पाहिलं. "खोलयेचा काय करतलंस?"

"विकायची नाही. शिकायला येणाऱ्या मुलींसाठी उघडायची."

आप्पांनी पुन्हा डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, घाटकोपरची खोली आमी इकणव नाय. गावच्या लेकी शिकूक येतली, त्येंका थय आसरो दे. त्येंची राखण कर!"

या वेळी लगेच उत्तर आलं नाही. सुलभाने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. आणि पहिला आवाज आला तो तात्यांचा, जरासा घोगरा. "होय म्हाराजा." मागून काकींचा, मग आम्हा बायकांचा, मग पुढच्या रांगांतून थोडे, मग बरेच. काहीजण ओठ मिटून बसले होते. सुलभा त्यांच्याकडेच बघत होती.

मुलुंडला परतताना ती बसच्या खिडकीशी बसली होती. भांडुप गेल्यावर म्हणाली, "वहिनी, याला जिंकणं म्हणायचं का हो?"

"म्हणायचं," मी म्हटलं.

"मला मोजून हवं होतं."

खजिनदार झाल्यावर तिने आग्रह धरून नियम करून घेतला, की पुढच्या वर्षापासून चिठ्ठ्या टाकून मतदान होईल. त्या मतदानात ती थोडक्यात वाचली आणि त्याचा तिला जास्त आनंद झाला. सभामंडपही पुढे वर्गणीतून उभा राहिला, ठरला होता त्याहून लहान. तात्या जिवंत असेपर्यंत दर महिन्याला बोरिवलीहून घाटकोपरला यायचे, खोलीतले नळ, दिवे, कड्या तपासायचे आणि मुलींना दटावून जायचे.

मीरा, तुमच्याकडे मतं मोजतात तेच बरं. पण त्या दिवशी मला कळलं ते एवढंच, की लोक दार उघडतात ते पदाचं नाव ऐकून नव्हे. त्या पदाने कुणाचं काय होणार आहे, ते त्यांना सांगावं लागतं. तुझ्या शेजारणीला काय करायचं आहे ते तिला विचार आणि दारात उभी राहून तेच सांग.

घाटकोपरची खोली अजून मंडळाचीच आहे. सध्या तिथे आपल्या गावच्या चार मुली राहतात.

तुमची आजी