यादीतला पत्ता

सर्बियातल्या नीश शहरात त्रिफुन त्साकिचना न ओळखणारे पुष्कळ आहेत. ओळखूनही न ओळखणारे मात्र फक्त आमच्या कंपनीत सापडतील. मी त्यांतलीच एक.

आमचा प्रोग्रॅम शहरातल्या पाण्याच्या मीटरांचे आकडे वाचतो. त्यासाठी लागणारं पॅकेज, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, कुणीतरी लिहून वाऱ्यावर सोडलेलं होतं. तेव्हा आमच्याच ऑफिसात असलेल्या त्रिफुनकाकांनी ते दुरुस्त केलं आणि स्वतःच्या रिपॉझिटरीत, म्हणजे इंटरनेटवरच्या कोडच्या खात्यात, ठेवलं. पायथन भाषेतल्या प्रोग्रॅमला कोणकोणती पॅकेजं लागतात, त्याची यादी सोबत द्यावी लागते. बाकीच्यांची नुसती नावं पुरतात, ती सार्वजनिक कोठारातून येतात. काकांचं तिथे नव्हतं, म्हणून मी यादीत त्यांच्या रिपॉझिटरीचा पूर्ण पत्ता लिहिला. कोणती आवृत्ती, ते लिहिलंच नाही. असेल ती ताजी घे, एवढंच.

"अगं रुझा, आवृत्ती पक्की लिहून टाक," काका म्हणाले होते. "उद्या माझं डोकं फिरलं तर?"

"तुमचं कसलं फिरतंय!" मी म्हटलं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना घरी बसवलं. ल्युबिशासाहेब तोंडावर म्हणाले, "तुमचा वेग आता पुरत नाही." यादीतला पत्ता मात्र कुणाला आठवला नाही. प्रोग्रॅमच्या दर चाचणीला आमचं मशीन आपोआप काकांच्या दारात जायचं आणि पॅकेज घेऊन यायचं. ऑक्टोबरात हिवाळी वेळेसाठी घड्याळं तासभर मागे गेली, की तोच तास पुन्हा यायचा आणि त्याचे आकडे दोनदा धरले जायचे. काकांनी घरी बसून ते निस्तरलं, आम्हाला पत्ताही लागला नाही. त्यांनी मनात आणलं असतं तर एका ओळीत आमचं वाटोळं केलं असतं.

नोव्हेंबरात त्यांच्या घरची स्लावा आली, घराण्याच्या संताचा दिवस. स्लावेला बोलावणं नसतं. एकदा त्या घरी जेवलात की दरवर्षी जायचं, न जाणं म्हणजे संबंध तोडणं. अकरा वर्षं आम्ही आठजण त्यांच्याकडे कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळलेला सारमा चापत आलो होतो. त्या वर्षी साहेबांनी नुसतं विचारलं, "कोण कोण जातंय?" सगळ्यांच्या माना खाली. माझीही. सांगायला लाज वाटते.

आठवड्याने काका बाजारात भेटले.

"तुमचं मशीन आलं होतं हं," ते हसून म्हणाले. पॅकेज दिवसात किती वेळा उतरवलं गेलं, ते मालकाला दिसतं. "स्लावेच्या दिवशी एकतीस वेळा! तुमच्याशिवाय कोण वापरतंय ते? बायकोला म्हटलं, बघ लेपोसावा, अगदीच टाकलं नाही आपल्याला."

मी मूर्ख. साहेबांना थोडी तरी शरम वाटेल म्हणून हे ऑफिसात सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला खरा, पण भलत्याच कारणाने.

"म्हणजे काढलेल्या माणसाच्या घरून आपण कोड आणतोय? ही ओळ कुणी लिहिली?"

"मी."

"मग तूच बदल. सगळं आपल्याकडे उतरवून घे आणि पत्ता आपला टाक. आजच्या आज."

बदलली. पाच मिनिटंही लागली नाहीत. 'नाही' म्हणायला त्याहून कमी लागली असती.

पुढच्या स्लावेला मात्र मी गेले. टेबल बाराजणांचं मांडलेलं, घरात माणसं दोन. काकांनी दारातच गोड गव्हाची वाटी पुढे केली; स्लावेला आलेल्याने आधी त्यातला चमचाभर खायचा असतो.

"ये गं! चला, एक तरी आलं. मशीनसुद्धा फिरकलं नाही बघ वर्षभर. मला वाटलं माझंच काही बिघडलं, चार वेळा तपासलं. सगळं ठीक होतं." त्यांनी आवाज खाली आणला. "कुणी काढलं गं मला यादीतून?"

चमचा माझ्या हातात होता.

"साहेबांनी," मी म्हटलं.

"वाटलंच मला." मग ते आत वळून ओरडले, "लेपोसावा, रुझा आलीय! म्हटलं नव्हतं, ही आपली आहे?"

मी गव्हाचा चमचा तोंडात घातला.