शेपटीची गाठ

आमच्या समोरच्या दारात राहणारीला अख्खी इमारत झुरळबाई म्हणते. तोंडावर नाही हं. तोंडावर मॅडम. नाव मीच ठेवलंय, आणि ते तिला ठाऊक आहे. तिच्या घरात औषधालाही झुरळ सापडायचं नाही. तिची झुरळं प्रयोगशाळेत, काचेच्या बरण्यांत, आमच्या पोरांपेक्षा वेळेवर जेवणारी.

बाई जीवरसायनशास्त्रज्ञ. झुरळाच्या मेंदूतलं संप्रेरक वेगळं काढायचं, हा उद्योग. मेंदू केवढा, तर मोहरीच्या दाण्याहून लहान. एकदा जिन्यात अडवून मी विचारलंच की त्यात असतं तरी काय. तिने सांगितलं ते मला समजलं ते असं : मेंदू शरीरभर निरोप धाडतो, तो निरोप म्हणजे हे संप्रेरक. आणि ज्या पेशीने तो ऐकायचा, तिच्या अंगावर त्या निरोपापुरताच एक कान असतो. त्याला ती रिसेप्टर म्हणते. बाकीच्या पेशी ठार बहिऱ्या. मी म्हटलं, आमच्या इमारतीत अगदी उलट, निरोप कुणाचाही असो, कान सगळ्यांचे.

निरोप खरा की खोटा हे कळायला झुरळाचं आतडं धाग्याने टांगायचं. वरून थेंब सोडायचा. निरोप पोचला की आतडं ओल्या फडक्यासारखं पिळलं जातं आणि धाग्याला जोडलेलं पेन कागदावर उडी मारते. हजारो झुरळांची डोकी उडवून, कित्येक वर्षं घालवून बाईने तो निरोप पकडला. नऊ मण्यांची माळ निघाली, मणी म्हणजे अमिनो आम्लं. कुठल्या मण्यामागे कुठला, तेही तिने लावलं आणि आनंदाच्या भरात फळ्यावर लिहून ठेवलं.

तिथेच माती खाल्ली. ती काम करायची त्या बड्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे सर. काम म्हणून सरांचा हात शेवटचा लागला असेल तो उद्घाटनाच्या कात्रीला. पण फळ्याचा फोटो काढायला कात्री लागत नाही. तिचेच आलेख, तिचीच माळ, आणि लेख छापून आला सरांच्या आणि त्यांच्या भाच्याच्या नावावर. बाईचं नाव होतं अगदी तळाशी, आभाराच्या ओळीत, झुरळांचं खाद्य पुरवणाऱ्या माणसाच्या नंतर. ती जाब विचारायला गेली तर सर चष्मा पुसत म्हणाले, “आहे की तुझं नाव त्यात. शोधलंस तर सापडेल.”

पुढल्या महिन्यात तिला तिथून काढलं. एका छोट्या कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली आणि प्रयोगाला जिन्याखालची अडगळीची खोली. आपल्या बरण्या तिने स्वतः उचलून नेल्या. मला वाटलं, आता बाई रडेल. मी रुमालही काढून ठेवला होता. तर ही माझ्या स्वयंपाकघरात बसून हसायला लागली.

म्हणाली, शेवटच्या मण्याला मागून एक बारीकशी गाठ असते, अमाइडची. ती नसली तर कान त्या निरोपाला ओळखच देत नाही. फळ्यावर ती लिहिलीच नव्हती. रोज हाताळणाऱ्याने ती वेगळी काय लिहायची? माळेच्या वजनात त्या गाठीने फरक पडतो तोही इतका किरकोळ, की आकडे पाहून सरांना ती यंत्राची चूक वाटली असणार.

मी विचारलं, सांगणार आहेस का त्यांना? तिने फक्त बिस्किट चहात बुडवलं.

मग सुरू झाली मजा. त्या माळेपासून झुरळं मारायचं औषध करू म्हणून एक कंपनी सरांकडे आली. त्यांनी नऊ मणी कारखान्यात ओवून घेतले, थेंब सोडला, आतडं ढिम्म. सरांनी झुरळं बदलली. मग विद्यार्थी बदलला. भाच्याला परदेशी धाडलं. आतडं ढिम्म ते ढिम्मच. शेवटी कंपनीने सगळ्यांसमोर प्रयोग करून दाखवायला सांगितलं, तेव्हा सर आमच्या जिन्यात हजर.

बाईने दार उघडलं नाही. मी माझं उघडलं. अशी संधी कोण सोडतं? सरांना बसवलं, बिनसाखरेचा चहा दिला आणि साखर संपली म्हणून सांगितलं. डबा समोरच होता. ते म्हणाले, तुम्ही तिला समजवा, पुढच्या लेखात तिचं नाव सगळ्यात वर टाकतो. एवढ्यात बाई स्वतःच येऊन दारात उभी राहिली. पुढच्या लेखाचं राहू दे, म्हणाली, जो विचारायचा तो प्रश्न प्रयोगाच्या दिवशी सभागृहात सगळ्यांसमोर विचारा.

“अगं, मी तुझा गुरू आहे,” सर म्हणाले.

“म्हणून तर. शिकवण तुमचीच आहे.”

त्या प्रयोगाला मी ठेवणीतली साडी नेसून गेले. मोठ्या पडद्यावर टांगलेलं आतडं दिसत होतं. सरांनी थेंब सोडला. पेन हललं नाही. दुसरा सोडला. कुणीतरी खोकलं. तिसऱ्या थेंबाला सरांच्याच कपाळावर थेंब आले. कंपनीच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, आणि मग सर आमच्या रांगेकडे वळले. आवाज अगदी खाली आणला, तरी माइकमुळे मागच्या भिंतीपर्यंत गेला.

“यात काय कमी आहे, सांगशील?”

झुरळबाई उठली. “आहे की त्यात, सर. शोधलंत तर सापडेल.”

आणि खाली बसली. कंपनीच्या बाईंनीच मग विचारलं, तुमच्याकडे काही आहे का? होतं ना. पर्समध्ये, माझ्या जुन्या चष्म्याच्या डबीत, कापसात गुंडाळलेली कुपी. तिने पुढे जाऊन एक थेंब सोडला. आतडं असं पिळलं गेलं की पेन कागद सोडून बाहेर गेलं. ही माळ कुणी लावली, कंपनीच्या बाईंनी विचारलं. सर चष्मा पुसायला लागले. उत्तर सगळ्यांनी ऐकलं.

नंतर सरांचा लेख मागे घेतला गेला आणि बाईचा आला, गाठीसकट, एकटीच्या नावाने. तळाशी आभाराची ओळ आहे. पहिला खाद्यवाला. मग मी, चहाबद्दल. आणि माझ्याही खाली सर, झुरळांना जागा दिल्याबद्दल.

मी तिला विचारलं, आता तरी गेला का राग? ती बरण्यांत खाद्य टाकत होती. म्हणाली, “जाईल कसा? पाळलाय मी तो.” मग एका बरणीचं झाकण लावून तिने विचारलं, सरांचा तो भाचा परदेशातून परत कधी येतोय, काही कानावर आलंय का तुमच्या?

आलं होतं. सांगितलं.