एग्मोरची पिशवी

सोलापूरला माहेरी होते, परतीची बॅग भरत होते आणि आमचे घरमालक अण्णा यांचा फोन आला. अण्णा कधी फोन करत नाहीत. फोन करणं, निरोप देणं, चौकशा करणं ही सगळी खाती त्यांच्या बायकोची, अक्कांची. त्यामुळे नाव पाहिल्याबरोबर हातातली साडी टाकून मी फोन उचलला. "सरोजा गेली गं," एवढंच म्हणाले. मी काही बोलण्याआधी तेच पुन्हा म्हणाले, "गुरुवारी तुला घ्यायला एग्मोर स्टेशनवर येणार होती ती. आता जमायचं नाही. तू रिक्षा करून ये." बायको गेल्याचं सांगताना माणूस तिच्या वतीने माफी मागत होता. मी फोन ठेवला आणि रडायच्या आधी मला राग आला. तो राग अजून गेलेला नाही, आणि हा लेख मी त्या रागातच लिहिते आहे.

सरोजाक्का आमच्या घरमालकीण. चेन्नईत अंबत्तूरला त्यांचं जुनं दुमजली घर. खाली अक्का आणि अण्णा, वर आम्ही भाडेकरू. नवरा श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात. कंपनीची बस पहाटे त्याला घेऊन जायची ती अंधार पडल्यावर आणून सोडायची. मी नवी, तमिळचा गंध नाही, दिवसभर एकटी. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी खालून हाक आली, "पोरी, जेवण झालं काय?" मी जिन्यातच थबकले. अक्कांचे पूर्वज तंजावरचे, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेले, पण घरात मराठी टिकवलेली. ती मराठी तमिळच्या चालीवर हेलकावे घेत यायची. मध्येच 'अय्यो', मध्येच 'बरं'च्या जागी 'सेरी', आणि नको म्हणायचं असलं की ठसक्यात 'नक्को'. माझी मराठी त्यांना पुस्तकातली वाटायची. "वाचून दाखवल्यागत बोलतेस मा तू," म्हणायच्या आणि हसायच्या.

आता इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी मला सुचवलं आहे की, अक्कांच्या बचतीच्या युक्त्या लिहून काढ, अंकात चौकट करून छापू, लोकांना उपयोग होईल. होईल की! युक्त्यांना काय तोटा होता? चेन्नईच्या दमट हवेत मिठाला पाणी सुटतं, तर बरणीत चमचाभर तांदूळ टाका. तूरडाळीत सुक्या मिरच्या ठेवा, पोरकिडे फिरकत नाहीत. बोअरच्या पाण्याने बादल्यांवर पांढरा थर चढतो, तो पावडरीने नाही, सांबारातून उरलेल्या चिंचेच्या चोथ्याने निघतो. साड्या लग्नसराईत घेऊ नका, आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, घ्या. तेव्हा इकडे कुणी शुभकार्य करत नाही आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या पाया पडतो. बाळंतिणीला भेटायला जाताना झबली नेऊ नका, तिच्या घरच्यांसाठी रसम-भात न्या, त्या घरात त्या दिवशी चूल कुणी पेटवायची हाच प्रश्न असतो. रेल्वेच्या प्रवासाला पहिल्या जेवणाला दहीभात, दुसऱ्याला चिंचेचा भात, हा क्रम चुकवायचा नाही, कारण दही थांबत नाही आणि चिंच थांबते. एग्मोरला सामान जास्त असेल तर रिक्षावाल्याला आधीच विचारा की आपला फलाट कुठल्या बाजूने जवळ, मग जिना चढावा लागत नाही. मी पहिल्यांदा माहेरी निघाले तेव्हा त्यांनी माझ्या बॅगेच्या मुठीला जुन्या साडीचा लाल काठ बांधला. शंभर काळ्या बॅगांत आपली ओळखू येते आणि हात कापत नाही. तो काठ अजून आहे.

पण या सगळ्या किरकोळ गोष्टी. अक्कांची खरी पद्धत होती पिशव्यांची. त्यांच्या पुढच्या दारामागे तीन खिळे आणि तीन खिळ्यांना तीन कापडी पिशव्या. एक बाजाराची, एक तंजावरची आणि एक एग्मोरची. ज्या दिशेचं काम निघेल ते त्या दिशेच्या पिशवीत जाऊन पडायचं. तंजावरच्या पिशवीत नणंदेसाठी घेतलेला खण, देवळात द्यायची वात, कुणाचा तरी परत करायचा डबा. एग्मोरच्या पिशवीत दुरुस्तीचं घड्याळ, काच सैल झालेला चष्मा, मॅचिंग बघायचा ब्लाउजपीस. पिशवी भरली की निघायचं, एका फेरीत सगळं उरकायचं. एका कामासाठी घराबाहेर पडणं अक्कांना जेवून उष्टं टाकण्याइतकं पाप वाटायचं. "पाय दोन आहेत म्हणून दोनदा चालायचं काय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा मी नुसत्या कोथिंबिरीसाठी बाजारात जाऊन आले तर दिवसभर मला टोमणे. मला हे सगळं फार आवडायचं, हेही सांगते. वर आमच्या दारामागेही मी दोन खिळे ठोकून घेतले होते. माझी आई फोनवर म्हणायची, माझं तू काही ऐकलं नाहीस, त्या बाईचं बरं ऐकतेस.

गुरुवारी मी एग्मोरला उतरले. दर वेळी फलाटावर कॉफीचा फ्लास्क घेऊन अक्का उभ्या असायच्या, या वेळी कुणी नव्हतं. घरी गेले तर अण्णा आरामखुर्चीत बसलेले, पुढे न प्यायलेली कॉफी. मी विचारलं, असं अचानक झालं तरी काय? तर ते ज्या सहजपणे बोलले तो सहजपणा मला आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो. अक्कांच्या छातीत आधीच्या शनिवारपासून दुखत होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं की थांबू नका, एग्मोरच्या मोठ्या इस्पितळात आजच्या आज दाखवा. अक्का घरी आल्या, दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, गुरुवारी पोरगी यायची आहे, एग्मोरला जायचंच आहे, तेव्हाच दाखवू. घड्याळही होईल, चष्माही होईल, येताना तिघं एका रिक्षेतून येऊ.

म्हणजे बाईने स्वतःची छाती एग्मोरच्या पिशवीत टाकली, घड्याळ आणि चष्म्याच्या शेजारी, आणि पिशवी भरायची वाट बघत बसली! गुरुवार उजाडायच्या आत गेली.

अहो अक्का, काय म्हणावं तुम्हाला? दही थांबत नाही हे सगळ्या जगाला शिकवलंत, आणि काळीज थांबेल असं कुणी सांगितलं होतं? मी काय, रिक्षा करून आले असते. नव्हे, तशीच आले. माझ्या गाडीसाठी ताटकळत बसायला तुम्हाला सांगितलं कुणी?

बरं, हे इथेच संपलं असतं तर मी मुकाट्याने रडून मोकळी झाले असते. पण तेराव्याला घर भरलं आणि जो तो एकच पालुपद आळवायला लागला. भाग्यवान बाई. पुण्यवान बाई. कुणाला काडीचा त्रास दिला नाही, ना अंथरुणाला खिळली, ना इस्पितळाचा खर्च, ना कुणाला जागरणं. मुलगा सुरेश सिंगापूरहून आला होता, तोही मान डोलवत होता. आणि त्यांची एक चुलत जाऊ, विड्याचं पान लावता लावता म्हणाली की बघा ना, गेली तीसुद्धा जोडून सुट्ट्या बघून, मुलाला निघताना रजा मागायला लागली नाही. लोक कौतुकाने हसले... हसले! माझं डोकंच फिरलं. मी हातातलं वाढायचं भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "त्रास दिला असता तर आज इथे बसली असती. त्रास द्यायला हवा होता तिने. तुम्हाला, मला, सगळ्यांना."

भाडेकरीण असं बोलते म्हटल्यावर जावेचा हात पानावरच थांबला. कुणीतरी सांभाळून घेतलं की हिचा फार जीव होता. जीव होता म्हणूनच बोलत होते ना! बायकांनी कुणाला त्रास न देता जगावं आणि त्रास न देताच मरावं, हे कुणी ठरवलं? घरातला पुरुष शिंकला तर याच अक्का सुंठ-मिऱ्याचा काढा घेऊन धावायच्या, माझ्या नवऱ्याला ताप आला तेव्हा भर दुपारी उन्हातून डॉक्टरला घरी घेऊन आल्या होत्या. तेव्हा नाही आठवली पिशवी. दुसऱ्यासाठी एका कामाची फेरी चालते, स्वतःसाठी मात्र पिशवी भरावी लागते. असल्या काटकसरीला मी काटकसर म्हणत नाही. आणि मंडळाच्या बाईंनी ती चौकटीत छापू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे.

सुरेश परत गेला. जाताना म्हणाला, तीन महिन्यांनी येतो, तेव्हा अण्णांचं सगळं बघतो. मी रोज सकाळी खाली कॉफी घेऊन जाऊ लागले. एके दिवशी पाहिलं तर अण्णा टाच टेकून, पाऊल उचलून चालताहेत. विचारलं तर काही नाही म्हणाले. बळेच खुर्चीत बसवून पाऊल वर घेतलं. क्रियेच्या दिवसांत तापलेल्या गच्चीवर अनवाणी उभे राहिले होते, तेव्हा तळवा भाजला होता. साखरेच्या आजाराने पायाला संवेदना कमी, त्यांना तेव्हा कळलंच नाही. आता जखम चिघळली होती, कडेने काळपट झाली होती, आणि वास येत होता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने पाहिलं होतं म्हणे. एग्मोरला जा म्हणाला होता.

"मग?" मी विचारलं.

अण्णांनी दारामागे बोट दाखवलं. "घड्याळ आहे, तिचा चष्मा आहे. सुरेश आला की एकदमच जाऊ. तुला कशाला त्रास?"

मला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. ओरडले नाही मी. 'शर्ट घाला' एवढंच म्हणून मी जिन्यावरून वर गेले, गॅस बंद केला, पर्स घेतली, रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याने तोंडाला येईल तो आकडा सांगितला आणि मी घासाघीस न करता सेरी म्हटलं. अक्का असत्या तर तिथेच घेरी येऊन पडल्या असत्या. परत आले तर अण्णा शर्ट घालून तयार, बायकोचं इतकी वर्षं ऐकलेला माणूस, माझं काय ऐकणार नाही? पण निघता निघता त्यांचा हात सवयीने दारामागे गेला आणि त्यांनी एग्मोरची पिशवी खांद्याला लावली.

"ती ठेवा," मी म्हटलं.

"घड्याळाचं दुकान इस्पितळाच्या समोरच आहे गं."

"असू दे. आज पाय. फक्त पाय."

त्यांनी पिशवी काढली, पुन्हा खिळ्याला अडकवली, आणि तिच्यावरून हात फिरवला, बाहेर जाताना घरातल्या माणसाला सांगून जावं तसा.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि माझ्यासारख्याच तापट. जखम धुताना त्यांनी तमिळमध्ये आम्हा दोघांना जे झापलं त्यातलं निम्मं मला कळलं आणि सगळं पटलं. सुरेश येईपर्यंत थांबला असतात तर पाऊल काढावं लागलं असतं, असं त्या म्हणाल्या. अण्णा छताकडे बघत होते. बाहेर आल्यावर समोर ते घड्याळाचं दुकान होतं, म्हातारा कारागीर डोळ्याला भिंग लावून बसलेला. अण्णा फुटपाथवर थांबले, दुकानाकडे पाहिलं आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले. अक्का गेल्यापासून ते रडले नव्हते. मी त्यांचा दंड धरून उभी राहिले. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते, जाऊ देत.

त्यानंतर ड्रेसिंगला पुष्कळ फेऱ्या झाल्या. दर वेळी तेवढंच एक काम, आणि रिकाम्या हातांनी परत. जखम आता भरत आली आहे. पिशवी खिळ्याला आहे, आत घड्याळ बंद आहे, चष्म्याची काच सैल आहे, ब्लाउजपीस घडीतच आहे. मी केर काढताना तिला हात लावत नाही, अण्णाही लावत नाहीत. वर माझ्या दारामागचे खिळे मात्र मी उपटून काढले.

काल सकाळी मी कॉफी घेऊन खाली गेले तर अण्णा दारातच उभे होते, चप्पल घालून, पाठीमागे तीन पिशव्या तशाच खिळ्यांना. रात्रीपासून डोकं जड वाटतंय, म्हणाले, एग्मोरला दाखवावं म्हणतो. मी कॉफी टेबलावर ठेवली. त्यांनी घसा खाकरला.

"दुसरं काही काम नाही तिकडे," ते म्हणाले. "येतेस काय?"

मी रिक्षा बोलवायला बाहेर आले.